औषधी अळंबीची पूड आणि फिल्टर कॉफी: दुकानातील चाचणीच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

सोमवारी दुपारी दुकान बंद असते, म्हणून ही वही आज उघडली. आप्पांनी रास्ता पेठेत कॉफीचे दुकान थाटले त्याला आता चाळीस वर्षे होतील, आणि एवढ्या काळात गिऱ्हाइकांचे प्रश्न फारसे बदलले नाहीत: बिया पीबेरी की प्लांटेशन ए, चिकोरी किती, दळण बारीक की जाडसर. गेल्या सहा महिन्यांत मात्र "तुमच्याकडे मशरूम कॉफी, म्हणजे औषधी अळंबीची पूड घातलेली कॉफी, मिळते का?" असे विचारणारी दोन-तीन माणसे तरी दर आठवड्याला येतात. कोणाला ती झोपेसाठी हवी असते, कोणाला स्मरणशक्तीसाठी. परवा एका मुलीने ती केस गळतात म्हणून मागितली. सरसकट नाही म्हणून परत पाठवण्यापेक्षा ही पूड आपल्या फिल्टर कॉफीत बसते का, कपात ती किती घातली म्हणजे खरोखर घातली असे म्हणता येईल आणि विकताना गिऱ्हाइकाला खरे काय सांगता येईल, हे एकदा तपासून पाहायचे ठरवले आहे. मुदत गणपतीपर्यंतची.

आप्पांच्या कानावर घातले. ते म्हणाले, "मी चिकोरी घालतो ती रंगाला आणि दाटपणाला. ती पोटात जाऊन काय करते, हे मी आजवर कोणाला सांगायला गेलो नाही." विरोध नाही, एवढेच मी त्यातून घेतले.

६ जून, गुरुवार

बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या मुलीने अमेरिकेहून आणलेले पाकीट त्यांनी मला तपासायला दिले. ही कॉफी घेऊ लागल्यापासून रात्री झोप चांगली लागते, असे काकांचे म्हणणे आहे. एका पुडीत इन्स्टंट कॉफी, लायन्स मेन नावाच्या अळंबीचा २५० मिलिग्रॅम अर्क, २५० मिलिग्रॅम चागाचा अर्क आणि ५० मिलिग्रॅम कॅफिन, असे मागे छापलेले आहे. अर्क किती पट घट्ट केलेला आहे, म्हणजे किती वाळलेल्या अळंबीतून तेवढा अर्क निघाला, हे मात्र छापलेले नाही.

चागा ही भूर्जाच्या झाडावर कोळशाच्या ढेकळासारखी वाढणारी बुरशी आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात कॉफी मिळेनाशी झाली तेव्हा फिनलंडमध्ये तिचा काढा कॉफीऐवजी घेत, असे सांगतात. तिथे ती कॉफीची बदली होती, आरोग्याची भर नव्हती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपल्याकडे या प्रकाराची ओळख निराळ्या वाटेने झाली. रेशी नावाची अळंबी घातलेली कॉफी साखळी विक्रीतून घरोघर आली, आणि माझ्या मामांच्या पलंगाखाली तिचे खोके दोन वर्षे पडून होते. मामांनी सभासद होण्यासाठी भरलेले पैसे परत आले नाहीत. खोके मात्र मामींनी भाचरांना वाटून टाकले. या विषयाकडे मी थोड्या वाकड्या नजरेने पाहते त्याचे कारण हे आहे, ते इथे लिहून ठेवलेले बरे.

१० जून, सोमवार

आजचा सगळा वेळ मात्रेत गेला. लायन्स मेनविषयी सर्वांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास जपानमधला, २००९ सालचा आहे. त्यात ५० ते ८० या वयाची, स्मरणशक्ती किंचित उणावलेली ३० माणसे होती. त्यांपैकी निम्म्यांना २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या दिवसातून तीन वेळा, म्हणजे दिवसाला ३ ग्रॅम, अशा १६ आठवडे दिल्या. गोळ्यांत ९६ टक्के पूड अळंबीचीच होती. आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्याला त्यांचे गुण दुसऱ्या गटापेक्षा वाढलेले दिसले आणि गोळ्या थांबवल्यावर चार आठवड्यांत पुन्हा घसरले. २०२३ साली ब्रिटनमधल्या नॉर्थंब्रिया विद्यापीठात १८ ते ४५ या वयाच्या ४१ निरोगी माणसांना १.८ ग्रॅम दिले, तेव्हा एका चाचणीत तासाभराने उत्तरे थोडी लवकर आली. २८ दिवसांनी मनावरचा ताण कमी होण्याकडे कल दिसला, पण तो ठाम म्हणावा इतका नव्हता. दोन्ही अभ्यास लहान आहेत. तरी निदान मात्रा तरी स्पष्ट आहे: दिवसाला दोन-तीन ग्रॅम, आणि पहिल्या अभ्यासात ती सलग चार महिने.

रेशीच्या बाबतीत बाजारातले दावे अधिक मोठे आणि पुरावा अधिक तोकडा आहे. हृदयविकाराच्या जोखमीवर रेशीचा उपयोग होतो का, याचा कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्याचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१५ साली आढावा घेतला. त्यात पाच चाचण्या आणि ३९८ माणसे होती, आणि मधुमेह असलेल्यांनी त्यासाठी रेशी घ्यावी असे म्हणायला आधार मिळत नाही, असा निष्कर्ष निघाला.

आता काकांच्या पुडीचा हिशोब. साधी पूड धरली तर ३ ग्रॅम होण्यासाठी २५० मिलिग्रॅमच्या बारा पुड्या लागतील, म्हणजे दिवसाला बारा कप. अर्क आठपट घट्ट असेल, तर एका पुडीत २ ग्रॅम अळंबीचा अंश आला असे म्हणता येईल आणि मग हिशोब बराच जवळ जातो. बारा कप आणि दीड कप यांमधले हे सगळे अंतर पाकिटावर न छापलेल्या एका आकड्यावर अवलंबून आहे.

१५ जून, शनिवार

नमुने आले. लायन्स मेनची पूड दोन विक्रेत्यांकडून मागवली आहे. पहिली १०० ग्रॅमला ९०० रुपये आणि दुसरी त्याच वजनाला ३५० रुपये. वहीत त्यांना महाग आणि स्वस्त अशीच नावे दिली आहेत. रेशी मात्र अख्खी, वाळलेल्या कापांची घेतली.

रेशी दळताना फजिती झाली. ती दिसते लाकडासारखी, वर लाखेचा हात दिल्यासारखी तांबूस चमक. म्हणून मिक्सरच्या भांड्यात ती खळखळा फुटून पूड होईल अशी माझी समजूत होती. पाच मिनिटांनी झाकण उघडले तर आत पूड नव्हती, तपकिरी कापूस होता. रेशीचे तंतू तुटत नाहीत, पिंजले जातात. चिमटीत धरला तर तो कापूस उशीत भरावा इतका हलका लागतो, आणि चाळणीतून त्यातले काहीही खाली पडत नाही. बाजारातली गुळगुळीत रेशीची पूड बहुधा काढा काढून, आटवून, वाळवून केलेली असते, हे त्या कापसाकडे पाहून नीट समजले.

दुकानात त्याच वेळी तंजावरकडच्या आजी कॉफी न्यायला आल्या होत्या. घरी त्या जुन्या वळणाची तंजावरी मराठी बोलतात, त्यामुळे आप्पांशी त्यांचे विशेष जमते. टेबलावरचे काप पाहून त्यांनी लगेच ओळखले: माडाच्या बुंध्याशी हे उगवले की माड गेला म्हणून समजायचे. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. याच गॅनोडर्मा वंशाच्या बुरशीमुळे माडाला जो रोग होतो त्याला तंजावर मर असेच नाव आहे. शेतकऱ्याने पाहताच कोयती उचलावी अशा वस्तूच्या भाईबंदाला मी काचेच्या बरणीत घालून ठेवले आहे, याचे आजींना फार हसू आले.

१६ जून, रविवार

मुळशीकडे एका तरुणाची अळंबीची शेड आहे, तिथे जाऊन आले. हिमाचलमध्ये सोलन येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे अळंबी संशोधन संचालनालय आहे. त्याने तिथे प्रशिक्षण घेतले आहे. धिंगरी ही खाण्याची अळंबी हे त्याचे मुख्य पीक. एका बंद, वातानुकूलित खोलीत लायन्स मेन आणि कॉर्डिसेप्स ही आणखी एक औषधी बुरशी आहे.

लायन्स मेन भुश्श्याच्या पिशवीला पाडलेल्या छेदातून बाहेर येते. नाव सिंहाच्या आयाळीचे असले, तरी मला तो पांढऱ्या शेवयांचा झुपका वाटला, बोट लावले की दबणारा आणि ओलसर. कॉर्डिसेप्सचा थाट वेगळा. बरण्यांच्या तळाशी शिजवलेला तांदूळ, त्यावर दाट उभ्या केशरी काड्या आणि वर दिव्यांचा पांढरा-निळा उजेड. हे शेतातले कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस. उत्तराखंडात पिथौरागडकडच्या उंच कुरणांतून मे-जूनमध्ये गोळा करतात ती किडाजडी निराळी. ती किड्याच्या अळीवर वाढते आणि २०२० पासून आंतरराष्ट्रीय यादीत असुरक्षित ठरलेल्या जातींत आहे. दोन्हींची नावे एकमेकांच्या पाकिटांवर सर्रास वापरली जातात, असे तो म्हणाला.

निघताना मी विचारले की काड्या खुडल्यावर तांदळाचे काय करता. त्याने सरळ सांगितले की तो स्वतः कोंबड्यांना घालतो, पण तोच तांदूळ वाळवून दळून 'कॉर्डिसेप्स पावडर' म्हणून घेणारे व्यापारी त्याच्याकडे येऊन गेले आहेत. त्या तांदळात बुरशीचे तंतू असतात, त्यामुळे ते धडधडीत खोटे ठरत नाही. पण ते बहुतांशी तांदूळच असते. थोडा तांदूळ आणि थोड्या काड्या मी मागून घेतल्या.

१९ जून, बुधवार

आयोडीनची चाचणी. शाळेत बटाट्यावर करतात तीच: स्टार्च असले की रंग निळा-काळा होतो. औषधांच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणले, प्रत्येक नमुना चिमूटभर घेऊन पाण्यात उकळला आणि पूर्ण निवू दिला. गरम असताना रंग टिकत नाही. मग प्रत्येकात दोन थेंब टाकले. तुलनेसाठी एका वाटीत तांदळाचे पीठ ठेवले होते.

महाग लायन्स मेन चहासारखे तपकिरी-पिवळे राहिले. रेशीचा कापूस आणि कॉर्डिसेप्सच्या काड्याही तशाच. शेडमधला तांदूळ क्षणात निळा-काळा झाला, ते अपेक्षितच होते. स्वस्त लायन्स मेनही तितकेच काळे पडले, वाटी उजेडाकडे धरली तरी आरपार दिसेना. पाकिटावर पुढच्या बाजूला पांढऱ्या शेवयांच्या झुपक्याचे सुरेख चित्र आहे आणि आतमध्ये धान्यावर वाढवलेले तंतू धान्यासकट दळलेले असावेत, असे या रंगावरून वाटते.

त्या पाकिटावर 'पॉलिसॅकराइड ४० टक्के' असे ठळक छापलेले आहे, आणि ते खोटे नसेलही, कारण पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी, आणि स्टार्च हेसुद्धा पॉलिसॅकराइडच. अळंबीच्या पेशीभित्तीत जे असते आणि ज्यासाठी लोक पैसे मोजतात ते बीटा-ग्लुकन. तेव्हा आकडा बीटा-ग्लुकनचा आहे का, एवढेच पाकिटावर शोधावे. ही चाचणी स्टार्च आहे की नाही इतकेच सांगते; महाग पुडीत बीटा-ग्लुकन किती आहे, याचे उत्तर तिने दिलेले नाही. आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी: अळंबी ज्यावर वाढते त्यातले कॅडमियम, शिसे असे जड धातू शोषून घेते, त्यामुळे विक्रीचा विचार झालाच तर प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळेतला दाखला मागावा लागेल.

२४ जून, सोमवार

महाग लायन्स मेनची ३ ग्रॅम पूड १० ग्रॅम कॉफीत मिसळून नेहमीच्या स्टीलच्या फिल्टरमध्ये घातली, वर दट्ट्या ठेवला आणि उकळते पाणी ओतले. एरवी वीस मिनिटांत उतरणारे डिकॉक्शन दोन तासांनीही अर्धेच उतरले होते. फिल्टर उघडून पाहिला तेव्हा तळाची भोके पांढुरक्या चिकट लेपाने बंद झाली होती. टाचणीने एकेक मोकळे करावे लागले.

आणि जे उतरले, त्यात तरी काय आले असेल, हा खरा प्रश्न आहे. अळंबीच्या पेशीभित्तीत कायटिन असते, तेच जे खेकड्याच्या कवचात असते. बीटा-ग्लुकन त्यात गुंतलेले असल्यामुळे ते पाण्यात यायला दीर्घकाळ उकळावे लागते. नुसते गरम पाणी वरून घालून भागत नाही. रेशीचा कडूपणा ज्या ट्रायटरपिन्समुळे येतो, ती तर पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये जास्त उतरतात. म्हणजे कॉफीच्या भुकटीत अळंबीची कच्ची पूड मिसळून विकली, तर ती गिऱ्हाइकाच्या फिल्टरमध्ये चोथ्याबरोबर राहील आणि चोथा कुंडीत जाईल. तुळशीला फायदा झालाच तर होईल.

२९ जून, शनिवार

पूड आधी वेगळी उकळून पाहिली. ३ ग्रॅम लायन्स मेन दोन कप पाण्यात मंद आचेवर अर्धा तास, आटून एक कप होईपर्यंत, मग जुन्या मलमलीच्या फडक्यातून गाळून ते पाणी फिल्टरवर. डिकॉक्शन पंचवीस मिनिटांत उतरले. दूध घालून घेतले तेव्हा कॉफीच्या मागून तांदळाच्या पेजेसारखी चव आली, वाईट म्हणता येणार नाही अशी. साखर न घेणाऱ्यांना ती अधिक जाणवेल. वहिनींनी एक घोट घेऊन "यात मीठ आणि जिरे घाला" असे सांगितले.

रेशीचा काढा एक चमचाच घातला, पण तो कॉफीच्या कडूपणात लपत नाही. कॉफीचा कडूपणा जिभेवर येतो आणि जातो. रेशीचा किराइतासारखा घशाशी बसून राहतो. तिसऱ्या घोटानंतर मी कप ठेवला. चवीच्या कारणाने रेशी बाद.

या पद्धतीत अडचण उघड आहे. सकाळी सहाला उठून अर्धा तास अळंबी उकळणारे गिऱ्हाईक मला माहीत नाही. तयार अर्काची विरघळणारी पूड कपात ढवळणे हाच सोपा मार्ग उरतो, आणि मग कॉफीचा अर्काशी संबंध चहाच्या घोटाबरोबर घेतलेल्या गोळीइतकाच राहतो.

८ जुलै, सोमवार

आप्पांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे आणि ते रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेतात. पंधरा दिवसांपूर्वी चव पाहायला म्हणून ते कप उचलणार होते, मीच अडवले. आज नेहमीच्या तपासणीला गेलो असता डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले की रेशीने रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे वॉरफरिनवर असलेल्याने तिच्या वाटेला जाऊ नये. आणि इतर कोणतीही असली पूड घेण्यापूर्वी निदान त्यांना कळवावे. रक्तदाबाची आणि साखरेची औषधे घेणाऱ्यांनाही त्यांनी हाच सल्ला दिला.

आमच्या दुकानात सकाळी सात ते नऊ या वेळात येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी यांतली एकही गोळी न घेणारी माणसे मला फार मोजावी लागणार नाहीत.

चागाविषयीही आज ठरले. त्यात ऑक्झलेट, म्हणजे ज्याचे मुतखडे होतात ते द्रव्य, फार असते. जपानमध्ये ७२ वर्षांच्या एका बाईंनी चागाची पूड दिवसाला चार-पाच चमचे अशी सहा महिने घेतली, आणि ऑक्झलेटचे खडे मूत्रपिंडात साठून ते निकामी झाले. हे प्रकरण २०१४ साली वैद्यकीय नियतकालिकात आले. त्या बाईंना आधीच यकृताचा कर्करोग होता आणि मात्राही अतोनात होती, हे खरे. तरी चमचा हे माप गिऱ्हाइकाच्या हातात असते, विकणाऱ्याच्या नाही. चागा बाद. काकांना मुतखड्याचा त्रास होऊन गेला आहे का, हे विचारायचे आहे.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

आज जे सुचले ते पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते. रविवार पेठेतल्या एका जैन व्यापाऱ्यांच्या घरी दर महिन्याला आमची दोन किलो पूड जाते. त्यांचा मुलगा आज चातुर्मासाची पूड न्यायला आला आणि काउंटरवरच्या बरण्यांवरची नावे वाचून थबकला. त्याने फार सौम्यपणे विचारले, "ताई, हे आमच्याच गिरणीत दळता का?"

जैन घरांत अळंबी चालत नाही. आमच्यातही जुन्या वळणाची कितीतरी माणसे तिला अभक्ष्य मानतात, आणि कुत्र्याची छत्री म्हणून नाक मुरडणारी त्याहून जास्त आहेत. कॉफी उपासाला चालते. अळंबी घातलेली कॉफी चालेल का, हा प्रश्न विचारण्यासारखासुद्धा नाही. मी सर्व दळण घरच्या मिक्सरमध्ये केले होते आणि दुकानाच्या गिरणीला अळंबीचा कणही लागलेला नाही, हे मी त्याला शपथेवर सांगितले. तो पूड घेऊन गेला. पण हे मिश्रण दुकानात करायचे झाले तर वेगळी गिरणी, वेगळी चाळणी, वेगळा तराजू आणि बहुधा वेगळी जागाच लागेल. दोन किलोंची अशी सतरा घरे आहेत. बरण्या आजच माडीवर नेल्या.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

महिनाभर स्वतःवर चाचणी केली, तिची नोंद एकत्र लिहिते. १८ जुलै ते १४ ऑगस्ट असे २८ दिवस. सकाळची कॉफी धाकटा भाऊ करून देणार, नाणे उडवून त्या दिवशी ३ ग्रॅम लायन्स मेनचा काढा घालायचा की नाही ते ठरवणार, दोन्हींचे दिवस सारखे येतील असे पाहणार आणि मला सांगणार नाही. आदल्या दोन दिवसांच्या रंगीत तालमीतच ही योजना कोसळली, कारण पेजेचा वास मला लगेच कळे. म्हणून लायन्स मेन नसलेल्या दिवशी तितक्याच वजनाच्या वाळवलेल्या धिंगरीचा काढा घालायला सुरुवात केली. वास जवळपास सारखा आला. श्रावणातले दोन सोमवार उपासामुळे वगळले, तेव्हा तेरा दिवस हे आणि तेरा दिवस ते.

कॉफीनंतर तासाभराने मी आदल्या दिवसाच्या बिलांची ४० आकड्यांची बेरीज हाताने करत असे आणि घड्याळ लावत असे. लायन्स मेनच्या दिवसांची सरासरी ३ मिनिटे ९ सेकंद आली, धिंगरीच्या दिवसांची ३ मिनिटे १२ सेकंद. एकाच प्रकारच्या दोन दिवसांत अर्ध्या मिनिटाचाही फरक पडत होता, त्यामुळे हे तीन सेकंद मी शून्य धरते. शेवटच्या आठवड्यात दोन्हींचा वेग वाढला, तो सरावाने. झोप, मनःस्थिती, भूक यांच्या खुणांतही काही हाती लागले नाही. भावाने कागद उघडायच्या आधी मी जे तेरा दिवस लायन्स मेनचे म्हणून सांगितले, त्यांपैकी सात बरोबर निघाले.

या चाचणीचा आवाका लहान आहे. माझे वय ४१, स्मरणशक्ती अजून उधारी विसरू देत नाही, आणि दिवसागणिक बदलणाऱ्या प्याल्यावरून सोळा आठवड्यांच्या परिणामाविषयी काही म्हणता येत नाही. धिंगरीतही बीटा-ग्लुकन असते. परंतु "पहिल्या कपापासून फरक जाणवतो" असे जे पाकिटांवर लिहितात, ते मी तरी गिऱ्हाइकाला सांगू शकणार नाही.

पावसाळ्याची एक बाजूची नोंद: माडीवरच्या बरणीतली पूड झाकण घट्ट असूनही गाठी धरू लागली आहे. रोज उघडावी लागते हे कारण. चिकोरीही ओल ओढते, पण इतकी नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार

काकांची झोप सुधारली ती कशाने, याचा आज उलगडा झाला असे वाटते. पूर्वी ते संध्याकाळी पाचला आमच्या ८०:२० कॉफी-चिकोरी मिश्रणाची कडक कॉफी घेत. आता त्या वेळी अमेरिकन पुडी घेतात. आमच्या मिश्रणातली कॉफी सगळी अरेबिका जातीची आहे आणि अरेबिकात कॅफिन सुमारे १.२ टक्के असते. एका कपाला १० ग्रॅम पूड, तीत ८ ग्रॅम कॉफी, म्हणजे सगळे उतरले असे धरले तर जास्तीत जास्त ९६ मिलिग्रॅम. पुडीत ५० मिलिग्रॅम. कॅफिन शरीरातून निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री दहाला अंथरुणावर पडताना काकांच्या अंगात पूर्वी ४८ असायचे, आता २५ असते. अळंबीला श्रेय देण्यापूर्वी हा फरक मोजायला हवा होता.

काकांना सांगितले. ते थोडे हिरमुसले. मुलीने प्रेमाने आणलेली वस्तू आहे.

२६ ऑगस्ट, सोमवार

कायद्याची बाजू. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी. त्यात तिसरी वस्तू घातली की ते साधे कॉफी-चिकोरी मिश्रण राहत नाही. आरोग्यपूरक म्हणून विकायचे तर न्यूट्रास्युटिकलचे, म्हणजे आरोग्यपूरक अन्नपदार्थांचे, नियम लागू होतात आणि औषधी वापरासाठी नाही असे वेष्टनावर छापावे लागते. मग नावात 'औषधी अळंबी' आणि खाली 'औषधी वापरासाठी नाही', असे एकाच पाकिटावर येईल. अन्नपदार्थाने रोग बरा होतो असा दावा २०१८ च्या जाहिरातविषयक नियमांत बसत नाही, आणि काही रोगांच्या बाबतीत १९५४ चा औषधे व चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहेच. केस गळतात म्हणून आलेल्या त्या मुलीला मी तोंडी काही सांगितले तरी ते याच हिशोबात येईल.

खर्चही मांडला. महाग पुडीचे ३ ग्रॅम म्हणजे २७ रुपये. आमच्या १० ग्रॅम कॉफीची किंमत ८ रुपये. गिऱ्हाइकाला परवडावे म्हणून पूड दहाव्या हिश्श्यावर आणली तर पाकिटावर नाव राहील आणि कपात अळंबी राहणार नाही. बाजारात जे चालले आहे ते बहुधा असेच.

५ सप्टेंबर, गुरुवार

निर्णय आप्पा, भाऊ आणि मी असा तिघांनी मिळून घेतला. अळंबीमिश्रित कॉफी दुकानात ठेवायची नाही. ज्याला लायन्स मेन घ्यायचेच आहे त्याने ते वेगळे आणावे, बीटा-ग्लुकनचा आकडा आणि अर्काचे प्रमाण पाहून घ्यावे, डॉक्टरांना विचारावे आणि मोजून घ्यावे; कॉफीबरोबर घेतले काय किंवा ताकाबरोबर, फरक पडत नाही. हे चार वाक्यांत लिहून कागद काउंटरच्या आत चिकटवला आहे, म्हणजे विचारणाऱ्याला भाऊही तेच सांगेल.

संध्याकाळच्या गिऱ्हाइकांसाठी मात्र ५५:४५ असे नवे मिश्रण सुरू केले. १० ग्रॅमला कॅफिन जास्तीत जास्त ६६ मिलिग्रॅम, चिकोरीमुळे रंग आणि दाटपणा नेहमीपेक्षा थोडा अधिकच. पाटीवर 'संध्याकाळची कॉफी' एवढेच लिहिले. झोपेचा उल्लेख भावाला हवा होता, आप्पांनी खोडला. पहिले पाव किलो काकांनी नेले. त्यांच्या उरलेल्या पुड्या मी परत दिल्या. मुतखडा त्यांना २०११ साली होऊन गेला आहे, त्यामुळे चागाचे त्यांनाही सांगितले.

माडीवर महाग लायन्स मेन थोडेच उरले होते, ते गाठींसकट वहिनींनी काल टोमॅटोच्या सारात घातले, मीठ आणि जिरे घालून. रेशीचा कापूस अजून बरणीत आहे.